एका कंत्राटदाराचा तमाशा

शीर्षक वाचून दचकू नका. हा लेख आहे महात्मा जोतीराव फुल्यांवर, आणि 'तमाशा' हा शब्द इथे कुचेष्टेने वापरलेला नाही. ढोलकी, तुणतुणं, सोंगाड्या आणि वग असा जो आपल्या मातीतला खेळ, तोच. 'कंत्राटदार' म्हणाल तर तेही शंभर टक्के खरं आहे. फुल्यांचा फोटो आपण शाळेपासून बघतो. त्याखाली 'थोर समाजसुधारक' एवढे दोन शब्द लिहून मोकळे होतो. ११ एप्रिलला हार, २८ नोव्हेंबरला हार, संपला विषय. पण हाच माणूस बोगद्याची, पुलाची, धरणाची कंत्राटं घ्यायचा आणि त्याच हाताने पोवाडे रचायचा, हे आपल्याला कुणी फारसं सांगत नाही. निदान आम्हा सिव्हिलवाल्यांना तरी सांगायला हवं होतं!

सुरुवात पुण्यापासून न करता लेण्याद्रीपासून करू. कारण जोतीरावांच्या गाण्यांचं पुढे काय झालं, ते या भागात दिसतं.

अष्टविनायक यात्रेच्या निमित्ताने आपल्यापैकी बरेच जण लेण्याद्रीला जाऊन आले असतील. जुन्नरजवळ, कुकडीच्या खोऱ्यात. तीनशेच्या आसपास पायऱ्या, वाटेत माकडं, आणि वर गिरिजात्मज. आठांपैकी डोंगरावरच्या कोरीव लेण्यात असलेला हा एकच गणपती. देवळाची जागा म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. शेजारी चैत्यगृह, ओळीने तीसेक लेणी, सगळी दोन हजार वर्षांच्या आसपासची. जुन्नर परिसरातल्या लेण्यांमध्ये जे ब्राह्मी शिलालेख आहेत त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींचे उल्लेख येतात. श्रेणी म्हणजे त्या काळची कारागिरांची संघटना. साध्या धंदेवाल्या माणसांनी एकत्र येऊन दान दिलं आणि ते दगडावर कोरून ठेवलं.

वर उभं राहिलं की समोर शिवनेरी दिसतो, शिवरायांचं जन्मस्थान. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, माळशेजच्या रस्त्यावर ओतूर. तिथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. आणि पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकरांच्या नावातच हे गाव आहे. एकाच तालुक्यात पोवाड्याचा नायक, अभंगाची परंपरा आणि तमाशाचे फड. जोतीरावांनी नेमकी हीच तीन हत्यारं उचलली.

आता मूळ गोष्ट. जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्यातला. घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुढे हे कुटुंब पुण्यात आलं, पेशव्यांच्या दरबारात फुलं पुरवू लागलं आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. आई चिमणाबाई जोतीराव अगदी तान्हे असताना गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळलं. शाळेत घातलं, मग नातेवाइकांचं आणि ओळखीच्यांचं ऐकून वडिलांनी, गोविंदरावांनी, शाळेतून काढलं आणि मळ्यावर पाठवलं. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी पोराची हुशारी पाहून वडिलांना समजावलं आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. एक मुसलमान, एक ख्रिस्ती, आणि शिकणारा माळ्याचा मुलगा! मधल्या काळात १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झालं होतं.

१८४८ साल मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखं. एका ब्राह्मण मित्राच्या वरातीत जोतीराव चालत होते. बरोबरीने चालतोस कसा, म्हणून वऱ्हाडातल्या कुणीतरी त्यांचा अपमान केला. आपल्याकडे ही हकीकत नेहमी रागाची म्हणून सांगतात. मला तिच्यातलं दुसरंच काहीतरी महत्त्वाचं वाटतं. तो अपमान लग्नात झाला. लग्न म्हणजे अख्ख्या समाजाचा एकत्र येण्याचा प्रसंग, आणि तिथेच कोण पुढे, कोण मागे, कोण मंत्र म्हणणार, कोण दक्षिणा देणार हे ठरलेलं. जोतीरावांनी पुढची चाळीस वर्षं ज्या गोष्टीशी झुंज दिली, तिचा शेवटचा मोठा खटलाही एका लग्नावरूनच उभा राहिला. त्याकडे येतोच आहे.

शाळांचा इतिहास आपल्याला पाठ आहे म्हणून तो भरभर सांगतो. त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा. वर्षभरात बापाचं घर सुटलं. उस्मान शेख यांनी आसरा दिला, फातिमा शेख सावित्रीबाईंच्या जोडीने शिकवू लागल्या. गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे ब्राह्मण मित्र पाठीशी होते, हे विसरून चालणार नाही. १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडीच्या हस्ते सरकारी सत्कारही झाला.

आणि १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, या शिक्षकाने नाटक लिहिलं. 'तृतीय रत्न'.

हे नाटक वाचलं नसेल तर जरूर वाचा. गॅदरिंगला बसवायला तर फक्कड आहे. त्या काळी मराठी रंगभूमी म्हणजे विष्णुदास भाव्यांची पौराणिक नाटकं. देव, राक्षस, आरडाओरडा. जोतीरावांच्या नाटकात देवही नाहीत आणि राक्षसही नाहीत. एक गरीब कुणबी आहे आणि त्याची गरोदर बायको. दारात एक जोशी येतो. तुझ्या पोटातल्या बाळाला ग्रहांची पीडा आहे म्हणतो. शांती करावी लागेल, ब्राह्मणभोजन घालावं लागेल, तूप आणावं लागेल. नवरा-बायको घाबरतात, कर्ज काढतात. विधी पार पडतो, पाहुणे जेवून जातात आणि घरात उरतं फक्त कर्ज. पुढे एका पाद्र्याशी गाठ पडते, वाद होतो, आणि शेवटी दोघं नवरा-बायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात.

गोष्ट एवढीच. पण गंमत आहे ती विदूषकात. हा विदूषक गोष्टीत कुणाचा कुणी लागत नाही. तो मधूनमधून येतो आणि आत्ता काय घडलं त्याची साल काढतो. जोशी गोड बोलतो आणि विदूषक त्या गोड बोलण्याचा हिशोब मांडतो. तमाशा पाहिलेल्या माणसाला हा लगेच ओळखू येतो. हा आपला सोंगाड्या! राजालाही तोंडावर बोलायची मुभा असलेला. नाटकातल्या जोडप्याला जे कळत नाही ते प्रेक्षकाला विदूषकाकडून कळतं. हसता हसता माणूस चपापतो, कारण हसू येतंय ते आपल्याच घरात घडलेल्या गोष्टीवर.

कोकणात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी सांगतात. एकेक रंगवलेलं पान पुढे करायचं आणि कथा गायची. 'तृतीय रत्न' मला तसंच वाटतं. एकेक प्रवेश म्हणजे एकेक पान, आणि विदूषक म्हणजे पान दाखवणारा. फरक इतकाच की चित्रकथीच्या पानावर राम-रावण असतात, आणि इथे पानावर आपलाच शेजारी आहे.

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. चांगल्या मराठी पुस्तकांना बक्षीस देणारी ही त्या वेळची सरकारी कमिटी. तिने नाटक परत केलं. व्हायव्हाला आपल्यालाच धुणारा परीक्षक आपल्याच तक्रारीवर निकाल द्यायला बसावा, तसा प्रकार. नाटक बाजूला पडलं.

आता कंत्राटदारीकडे. शाळा आणि चळवळ यांतून पोट भरत नाही, हे जोतीरावांना लवकर कळलं होतं. पुण्यात त्यांचं धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साच्यांच्या विक्रीचं दुकान होतं. मेकॅनिकलच्या मित्रांनी नोंद घ्यावी. पुढे 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' उभी राहिली. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण या कामांशी जोतीरावांचं नाव जोडलेलं आहे. पुण्यातून साताऱ्याकडे जुन्या कात्रज घाटाने गेलात तर त्या बोगद्यातून गाडी नेताना एकदा आठवण काढा.

या कामांनी त्यांना पैसा दिलाच, पण त्याहून मोठी गोष्ट दिली. दगड फोडणारा, माती वाहणारा, चुना कालवणारा माणूस त्यांना रोज जवळून दिसू लागला. साइटवर मोजमाप कोण करतं, बिल कोण लिहितं, मस्टरवर कुणाची नावं चढतात आणि मजुराच्या हातात शेवटी किती पडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. इंजिनीअर खात्यातल्या या लुटीवर त्यांनी पद्यातही लिहिलं आणि गद्यातही. गोरा साहेब सही करतो, खालचा कारकून मलई खातो, आणि मजुराला वाचता येत नाही म्हणून सगळं खपतं. फुले शिक्षणाबद्दल इतके हट्टी का होते, याचं उत्तर शाळेइतकंच या साइटवरही सापडतं असं माझं मत आहे.

१८६९ मध्ये त्यांचा शिवाजीमहाराजांवरचा पोवाडा आला. पोवाडा हा प्रकार दरबाराचा नव्हे, चावडीवरचा. डफावर थाप पडली की गाव गोळा होतं. जोतीरावांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं की कुणबी, माळी, महार, मांग यांना कळावं म्हणून अवघड संस्कृत शब्द टाळलेत. पोवाड्यातले शिवराय कुणब्यांचे राजे आहेत, रयतेतून उठलेले. शिवनेरीपासून सुरू होणारी ती कथा शिवनेरीच्या पायथ्याच्या शेतकऱ्याला स्वतःची वाटावी, हा त्यामागचा सरळ हेतू. त्याच वर्षीचं 'ब्राह्मणांचे कसब' हेही पोवाड्याच्याच चालीचं. जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी शेतकऱ्याच्या घरातून काय काय जातं त्याची ती यादी. बॅलन्सशीट गाऊन दाखवावी तशी!

त्यांच्या भाषेबद्दल आजही नाकं मुरडली जातात. भाषा रांगडी आहे, कुठे कुठे बोचरी आहे, आणि एका जातीवर सरसकट आसूड ओढणारी काही वाक्यं आज वाचताना खटकतात हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ती भाषा ज्यांच्यासाठी होती त्यांना ती खटकली नाही, कळली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकार सभेचं निमंत्रण पाठवलं तेव्हा जोतीरावांनी ते नाकारलं. जे ग्रंथकार शूद्रातिशूद्रांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत त्यांच्यात आपलं जमायचं नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ.

१८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक आलं. अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. पुण्यात बसून, जहाजाने येणाऱ्या बातम्यांच्या जमान्यात! त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. आणि २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, पुरोहिताशिवाय.

समाजाचं तत्त्व साधं होतं. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. पण नुसतं तत्त्व सांगून लग्न लागत नाही. लग्नाला मंगलाष्टकं लागतात, अक्षता लागतात, चार लोकांसमोर काहीतरी म्हणावं लागतं. ते काय म्हणायचं? जोतीरावांनी ते लिहून दिलं, आणि १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधींचं पुस्तकच काढलं. त्यात वधू आणि वर एकमेकांशी मराठीत बोलतात. वधू बायकांच्या हक्कांबद्दल विचारते, वर तिला वचन देतो. ज्या मुलीला लग्नात तोपर्यंत मान खाली घालून उभं राहण्यापलीकडे काम नव्हतं, तिच्या तोंडी जोतीरावांनी प्रश्न घातला. त्या काळच्या खेडेगावातल्या मांडवात हे ऐकताना म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल याची कल्पनाच करावी.

आता आपण परत जुन्नर तालुक्यात येतो.

१८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा शेतकरी आधीच मोडला होता. त्या दुष्काळात जोतीरावांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं. त्याआधी १८७५ मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगे झाले होते. १८७९ मध्ये सरकारने कायदाही केला. पण सावकाराचं खत, गहाण पडलेली जमीन आणि कोर्टाची नोटीस यांतून शेतकरी काही सुटला नाही. जुन्नरच्या बाजूला १८८५ च्या सुमारास शेतकऱ्यांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि जोतीराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

ओतूरचं प्रकरण याच काळातलं. बाळाजी कुसाजी पाटील यांच्या घरचं लग्न सत्यशोधक पद्धतीने लागलं. ग्रामजोशाला बोलावलं नाही, म्हणून दक्षिणाही दिली नाही. आज आपल्याला वाटेल, त्यात काय एवढं? पण त्या काळी ग्रामजोशीपण हे वतन होतं. गावातल्या लग्नांची दक्षिणा हा जोशाचा वंशपरंपरेने चालत आलेला हक्क. जोशाला डावलून दुसऱ्याच भटजीकडून विधी करून घेतला तरी मूळ जोशाला त्याची रक्कम द्यावी लागे, आणि कोर्टं ती देववत. म्हणजे प्रश्न धर्माचा राहिलाच नव्हता. तो वसुलीचा होता, आणि वसुलीमागे कायदा उभा होता.

ओतूरच्या जोशाने दावा लावला. पाटलांची बाजू वेगळी होती. आम्ही तुमच्याऐवजी दुसरा पुरोहित आणलेला नाही, आम्ही पुरोहितच आणलेला नाही. जी सेवा घेतलीच नाही, तिचे पैसे कसले?

ही लढाई वर्षानुवर्षं चालली. खेड्यातल्या कुटुंबाला कोर्टाच्या पायऱ्या म्हणजे काय ते सांगायला नको. तारखा, वकील, बैलगाडीने जुन्नर, तिथून पुणे. गावात बोलणारे बोलणार, दिवसभर खपून घरी आलं की घरातली माणसं विचारणार, कशाला हा नसता उपद्व्याप, दोन रुपये फेकले असते तर भागलं असतं. त्या दोन रुपयांसाठीच तर सगळं होतं! जोतीरावांनी हे प्रकरण एकट्या पाटलांचं मानलं नाही. १८८६ साली त्यांनी ग्रामजोशांसंबंधी जाहीर खबर छापली. वर सांगितलेलं १८८७ चं पूजाविधीचं पुस्तकही याच धामधुमीत निघालं, हे तारखांवरून लक्षात येतं. भटजीशिवाय लग्न लावायचं तर लोकांच्या हातात विधी लिहिलेला हवा. इंजिनीअरिंगच्या भाषेत बोलायचं तर नुसतं डिझाइन चुकलंय म्हणून भागत नाही, दुसरं ड्रॉइंग द्यावं लागतं.

खटला मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील, या नावाने तो कायद्याच्या पुस्तकात नोंदला गेला. १८९० च्या सुमारास निकाल लागला आणि तो पाटलांच्या बाजूने लागला. पुरोहिताची सेवा ज्याने घेतलीच नाही त्याच्याकडून ग्रामजोशाला दक्षिणा वसूल करता येणार नाही. जोतीराव तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते.

मधली तीन-चार वर्षं थोडक्यात सांगायला हवीत, कारण त्यांत जोतीरावांचा सगळ्यात धाडसी 'प्रयोग' आहे. त्याआधी १८८३ चं 'शेतकऱ्याचा असूड' आहेच. त्यात शेतकऱ्याच्या घराचं वर्णन इतकं बारीक आहे की चित्र बघतोय असं वाटतं. पडवी, गोठा, चूल, फाटकी वाकळ, सगळं दिसतं. त्याच पुस्तकात तलाव-बंधारे बांधा, डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ देऊ नका, कालव्याचं पाणी शेतकऱ्याला तोट्या बसवून मोजून द्या, अशा सूचना आहेत. पाणी मोजून देण्यावर आपण अजूनही सेमिनार घेतो.

जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागताच्या खर्चाला सगळ्या सभागृहात त्यांनी एकट्याने विरोध केला. मंडईची भव्य इमारत बांधण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर घाला असंही ते म्हणाले. इमारत झालीच, आणि पुढे पुणेकरांनी तिला नाव दिलं महात्मा फुले मंडई. यावर विदूषकाने काय टिप्पणी केली असती, ती तुम्हीच लिहा.

तर प्रयोग. २ मार्च १८८८, पुणे. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ कनॉट, याच्या सन्मानार्थ जोतीरावांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली होती. शहरातले सगळे बडे लोक जरीचे पोशाख, हिरेमाणकं घालून हजर. जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेषात. डोक्याला मुंडासं, खांद्यावर फाटकी घोंगडी, पायात तुटक्या वहाणा. दारावरच्या पहारेकऱ्यांनी अडवलं, यजमानांनी ओळखून आत घेतलं. आणि तिथे उभं राहून त्यांनी राजपुत्राला सांगितलं की इथे जमलेल्या या दागिन्यांवरून हिंदुस्थानची परीक्षा करू नका, खरा देश खेड्यात आहे, अर्धपोटी आणि उघडा आहे, आणि त्याच्या मुलांना शिक्षण हवं आहे, एवढं आपल्या आईच्या कानावर घाला.

हे सोंग होतं का? होय, अगदी आपल्या तमाशातलं सोंग. पण ते आणलं होतं अशा माणसाने, ज्याला हवा असता तर भरजरी अंगरखा सहज परवडला असता. १८५५ साली कागदावर लिहिलेला विदूषक तेहतीस वर्षांनी स्वतःच राजपुत्रासमोर उभा राहिला. या वेळी कुठल्याच कमिटीला त्याला परत पाठवता आलं नाही.

दोन महिन्यांनी, ११ मे १८८८ ला, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या सभेत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्याच वर्षी जुलैत पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला. कंपनीच्या दिवसांतला पैसा चळवळीत केव्हाच संपला होता. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. 'सार्वजनिक सत्यधर्म' हे शेवटचं पुस्तक त्यांनी असं पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. अभंगाच्या धाटणीच्या आपल्या रचनांना ते 'अखंड' म्हणत. वारकऱ्यांच्या कानांना ओळखीची चाल, पण मागणं मोक्षाचं नाही, माणसाने माणसाशी कसं वागावं याचं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून नातेवाइकांनी वाद घातला. दत्तक मुलगा यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा, जोतीरावांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेला. भावकीला तो वारस म्हणून मान्य नव्हता. मग सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि चालू लागल्या. तिथेही पुन्हा तोच प्रश्न होता, विधी कुणाचा? सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना गेल्या.

जोतीरावांच्या मागे सत्यशोधकांनी जे जलसे उभे केले ते सरळ तमाशाच्या अंगाने जाणारे होते. भीमराव महामुनी हे पहिल्या जलसेकारांपैकी एक. गण, गवळण, बतावणी, वग, सगळा साचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. वगात राजा-राणीऐवजी कर्जबाजारी शेतकरी आला, सावकार आला, जोशी आला. दिवसभर रानात राबलेली माणसं रात्री बत्तीच्या उजेडात हे बघायला गर्दी करत. व्याख्यानाला कोण बसणार हो! पुढे विसाव्या शतकात आंबेडकरी जलसे निघाले, नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी ते गावोगाव नेले. त्यांनाही हीच वाट आयती मिळाली होती.

आणि ते 'तृतीय रत्न', कमिटीने परत केलेलं? जोतीरावांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. जलसेवाल्यांनी नकळत त्याच्यासारखेच वग रचले, पण त्यांच्यापुढे ते नव्हतं. हस्तलिखित टिकून राहिलं आणि ते छापून वाचकांसमोर यायला १९७९ साल उजाडलं. कुणबी, त्याची गरोदर बायको, जोशी, पाद्री आणि विदूषक, सगळे जसेच्या तसे.